‘पिशवी काढून टाकू’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा: चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांसाठी पायरीपायरीने

माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ४४ वर्षांची होते. त्याआधी दीड वर्ष पाळीने छळलं होतं. दहा-दहा, बारा-बारा दिवस रक्तस्राव, हिमोग्लोबिन आठवर, संध्याकाळच्या लोकलमध्ये दादरहून उभं राहून यायचं म्हटलं की डोळ्यांपुढे अंधारी. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. घराजवळच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टर म्हणाल्या, “मुलं झालीत ना? मग ती पिशवी ठेवून करायचंय काय? काढून टाकू, कटकट मिटेल.” मी मान डोलावली. आदल्या रात्री साडेनऊला सिस्टरने सहा-सात कागद पुढे केले आणि पेन्सिलीने फुली केलेल्या जागी मी सह्या केल्या.

घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री घामाने गाउन भिजला. वाटलं, ताप उतरला असेल. आठवडाभरात दिवसातून दहा-बारा वेळा छातीपासून डोक्यापर्यंत वाफा यायला लागल्या, झोप गेली, आणि कारण नसताना रडू यायचं. टाके दाखवायला गेले तेव्हा विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, “अहो, ओव्हरीज पण काढल्यात ना, होणारच.” डिस्चार्ज कार्डावर तीन इंग्रजी अक्षरं होती, बीएसओ. म्हणजे दोन्ही अंडाशयं आणि दोन्ही नळ्या. पुढे तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात अंडाशयं निरोगी असल्याचं लिहिलं होतं. ती काढायची का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. सही मात्र माझीच होती.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीला हुबेहूब तोच त्रास सुरू झाला. तिच्याबरोबर मी प्रत्येक पायरीला गेले, वही घेऊन. तिची पिशवी आज जागेवर आहे आणि ती बरी आहे. त्या वहीतून हा लेख आला आहे. कुठलं औषध घ्यावं हे सांगायला मी डॉक्टर नाही. काय विचारायचं, कधी विचारायचं आणि कुठल्या कागदावर सही करताना थांबायचं, एवढं मी सांगू शकते.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

हे पहिलं ठेवलंय, कारण आमच्या घरातला निम्मा गोंधळ शब्दांचाच होता. बहीण डॉक्टरांना म्हणाली, “गाठी जातात.” तिला म्हणायचं होतं, रक्ताच्या गुठळ्या पडतात. डॉक्टर सोनोग्राफी बघून म्हणाले, “गाठी आहेत.” ते फायब्रॉइडबद्दल, म्हणजे पिशवीच्या भिंतीत वाढणाऱ्या साध्या गाठींबद्दल बोलत होते. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी ‘गाठ’ एवढंच ऐकलं आणि घरी जाऊन कॅन्सर म्हणून देवापुढे बसल्या.

तर काही शब्द पक्के करून ठेवा.

‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. त्याच्या खालच्या भागाला ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात. अंडाशयं, म्हणजे ओव्हरी, पिशवीच्या दोन बाजूंना असतात आणि ती पिशवीचा भाग नाहीत. पाळीचे हार्मोन बनतात ते अंडाशयात. ‘टोटल हिस्टरेक्टमी’ म्हटलं की बायकांना वाटतं सगळंच काढलं. डॉक्टरांच्या भाषेत टोटल म्हणजे पिशवी आणि तिचं तोंड. अंडाशयं त्यात येत नाहीत. ती काढायची असतील तर पुढे ‘बीएसओ’ लिहितात. एकच बाजू काढायची असेल तर ‘यूएसओ’.

‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणं’ ही मुळात पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला घेण्याची पद्धत. त्याने पुढची पाळी कदाचित हलकी जाईल, पण तो कायमचा इलाज नव्हे. पुष्कळ जणींना ते इलाज म्हणून दोन-तीनदा केलेलं असतं आणि तुकड्याचा रिपोर्ट कुणाच्याच हातात नसतो.

‘पाळी गेली’ हे सलग १२ महिने पाळी न आल्यावरच म्हणायचं. भारतात हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं. त्याआधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होते. काही महिने अंडं सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनत नाही, अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम ओसंडून रक्तस्राव होतो. हा त्रास खरा असतो, त्याला इलाजही असतो. पण पाळी थांबून वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं, तर ते ‘वयाचं’ समजून अंगावर काढू नका. त्या आठवड्यातच दाखवा.

२. जाण्याआधी वही आणि फाइल तयार करा

दोन महिन्यांच्या तारखा लिहा. पाळी कधी आली, किती दिवस, दिवसाला किती पॅड, गुठळ्या केवढ्या, रात्री उठून बदलावं लागतं का. ‘खूप जातं’ याने डॉक्टरांना काही कळत नाही. ‘दीड तासात पॅड भिजतं, अकरा दिवस’ याने कळतं. वाफा, झोप, लघवीची जळजळ, संबंधाच्या वेळचं दुखणं, सांधे, मन हेही लिहा. बोलायला संकोच वाटतो ते तर लिहाच. कागद पुढे करता येतो.

फाइलमध्ये हे असू द्या:

- जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, तारखेनुसार लावून; नुसत्या फिल्म नकोत
- हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांचे अलीकडचे रिपोर्ट
- पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाची तपासणी), मॅमोग्राफी (स्तनांची तपासणी) झाली असेल तर ते
- आधीच्या क्युरेटिंगचा किंवा बायोप्सीचा (तपासायला काढलेल्या तुकड्याचा) रिपोर्ट
- चालू औषधांच्या पट्ट्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसकट
- सिझेरियन किंवा आधीच्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं
- आई, मावशी, बहीण यांच्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी झाला याची चिठ्ठी
- आधार कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड, रेशन कार्ड

सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमची एक सोनोग्राफी एका केबिनमध्ये राहिली ती परत मिळालीच नाही.

३. पहिली भेट आणि आतली तपासणी

कुणाला तरी बरोबर न्या आणि तिचं काम आधी ठरवा: ऐकणं आणि लिहिणं. नवरा असेल तर त्यालाही सांगून ठेवा की प्रश्न मी विचारणार. आमच्या एका भेटीत डॉक्टर पूर्ण वेळ माझ्या मेव्हण्यांकडे बघून बोलत होते. बहिणीने शांतपणे म्हटलं, “डॉक्टर, मला सांगा ना, पोट माझं आहे.” त्यानंतर ते तिच्याशी बोलले, आणि नीट बोलले.

मुंबईत डॉक्टर घाईत असतात आणि बोलता बोलता इंग्रजीत जातात. “मला मराठीत सांगा, नाहीतर हिंदीत” हे म्हणण्यात काही कमीपणा नाही. ऐकून झालं की आपल्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे तुम्ही म्हणताय की गाठ कॅन्सरची नाही, पण तिच्यामुळे रक्त जातंय. बरोबर?” या एका सवयीने आमचे दोन मोठे गैरसमज जागच्या जागी सुटले.

आतून तपासणी किंवा आतून सोनोग्राफी करण्याआधी तुम्हाला सांगायला आणि विचारायला हवं. पडदा मागा. पुरुष डॉक्टर असतील तर तपासणीच्या वेळी दुसरी बाई हजर असणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. दुखलं तर “थांबा” म्हणा, थांबायलाच हवं. केईएम, सायन, नायर ही शिकवण्याची रुग्णालयं आहेत, तिथे विद्यार्थी असतात. त्यांनी तपासू नये असं वाटलं तर तसं सांगता येतं, आणि त्यामुळे तुमचा इलाज अडवता येत नाही.

४. निदान होईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका

रक्तस्राव का होतोय याला अनेक कारणं असतात: अस्तरातला कोंब, म्हणजे पॉलिप, पिशवीच्या भिंतीत अस्तर शिरणं, म्हणजे ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइड, अस्तराची वाढ, थायरॉइड, रक्त गोठण्याचा दोष, एखादं औषध, आणि नुसतं वयानुसार अंडं न सुटणं. विचारा: “माझ्यात यातलं कुठलं आहे, आणि ते कशावरून ठरवलं?”

वय ४५ च्या पुढे असेल आणि रक्तस्राव वेडावाकडा असेल, तर अस्तराची बायोप्सी झालेली असावी. बारीक नळीने ती ओपीडीतही घेता येते, नाहीतर दुर्बिणीने आतून बघून घेतात. अस्तराचा तुकडा न तपासता पिशवी काढायची तारीख मिळत असेल, तर “बायोप्सी आधी का नको?” हे विचारायलाच हवं. कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळं असतं आणि ते करणारे डॉक्टरही वेगळे.

अस्तराच्या जाडीवरून बायकांना फार घाबरवलं जातं. पाळी थांबून वर्ष झाल्यावर रक्त गेलं आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता फार कमी असते. पण हा आकडा पाळी गेलेल्या बाईसाठी आहे. पाळी चालू असते तेव्हा अस्तर महिन्याभरात वाढतं आणि गळून जातं. पाळीच्या तोंडावर १२ मिलिमीटर दिसलं म्हणून हादरू नका, सोनोग्राफी कितव्या दिवशी झाली ते आधी विचारा.

‘गाठ राहिली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य मलाही ऐकवलं होतं. फायब्रॉइडमध्ये कॅन्सर निघणं फार विरळा असतं, आणि पाळी गेल्यावर बहुतेक फायब्रॉइड आपोआप आकसतात. म्हणजे ४८ व्या वर्षी खरा प्रश्न असा असतो: पाळी जाईपर्यंतचा काळ मला औषधांवर काढता येईल का?

५. मधले मार्ग, आणि त्यांच्याबद्दल न सांगितलेल्या गोष्टी

मला गोळ्या दिल्या होत्या, पण त्या कशाच्या हे सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या ‘लागू पडल्या नाहीत’ अशी माझीच समजूत झाली.

नॉरएथिस्टेरॉनची गोळी रक्त थांबवते. ती बंद केली की दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्त जातं. ते अपेक्षितच असतं. हे कुणी सांगितलं नाही तर बाई घाबरून परत जाते आणि फाइलवर लिहिलं जातं, ‘औषधाने फरक नाही’.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, जास्त रक्तस्रावाच्या दिवसांतच घ्यायचं असतं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी सांगा.

पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन, म्हणजे मिरेनासारखं, माझ्या बहिणीला बसवलं. पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं डाग पडल्यासारखं जातं. बसवणाऱ्या डॉक्टरांनी तिला हे दोनदा सांगितलं, म्हणून ती टिकली. पाचव्या महिन्यापासून पाळी जवळजवळ थांबली आणि हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी हेच साधन दोन महिन्यांत काढून टाकलं, कारण त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं बिघडलं.

याशिवाय नुसती गाठ काढणं, पॉलिप काढणं, अस्तर जाळणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं हेही मार्ग आहेत. प्रत्येक मार्ग प्रत्येकीला चालतो असं नाही. पण “माझ्या बाबतीत यातला कुठला चालेल, आणि जो चालणार नाही तो का नाही?” याचं उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आणि हेही मनापासून सांगते: काही वेळा पिशवी काढणं हाच योग्य इलाज असतो. कॅन्सर, कॅन्सरच्या दिशेने चाललेली अस्तराची वाढ, कशालाही न जुमानणारा रक्तस्राव, खाली सरकून बाहेर आलेली पिशवी. माझं ऑपरेशनही कदाचित लागलंच असतं. माझं दुःख पिशवीचं नाही.

६. अंडाशयांचा प्रश्न वेगळा विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर ही पायरी ठेवा. पिशवी काढायची का, हा एक प्रश्न. अंडाशयं काढायची का, हा दुसरा. दोन्ही एका ‘हो’मध्ये गुंडाळू देऊ नका.

पिशवी गेली आणि अंडाशयं राहिली तर पाळी थांबते, पण हार्मोन बनत राहतात. अंडाशयं गेली तर निसर्ग जे काही वर्षांत हळूहळू करतो ते काही दिवसांत होतं. वाफा, झोपमोड, कोरडेपणा एकदम सुरू होतात. वय ४५ च्या आत असेल तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

काढण्याची कारणंही असू शकतात: अंडाशयावर संशयास्पद गाठ, घरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचा इतिहास, या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष, खूप पसरलेलं एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं). ‘आत शिरलोच आहोत तर काढून टाकू’ हे कारण तुमच्यासमोर मांडून तुमचा होकार घेतल्याशिवाय चालत नाही. अंडाशयाचा कॅन्सर पुष्कळदा नळीतून सुरू होतो असं आता समजतं, त्यामुळे नळ्या काढून अंडाशयं ठेवण्याचा मधला मार्गही असतो. तोही विचारा.

प्रश्न असे विचारा, आणि उत्तरं समोरच लिहून घ्या:

“माझी अंडाशयं सोनोग्राफीत कशी आहेत?”
“ती काढणार का? माझ्या बाबतीत कारण काय?”
“काढली तर मला वाफा-हाडांसाठी काय देणार, किती वर्षं?”
“पोट उघडल्यावर अंडाशय वेगळं दिसलं तर काय कराल? ते आत्ताच ठरवू.”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहिणीने दुसऱ्या मताच्या वेळी, ऑपरेशनची शक्यता होती तेव्हा, केसपेपरवरच लिहून घेतलं होतं: ‘अंडाशयं निरोगी दिसल्यास ठेवावीत.’ डॉक्टरांनी खाली सही केली. त्यांना राग आला नाही.

७. दुसरं मत कुठे घ्यायचं

ऑपरेशन तातडीचं नसेल, आणि पाळीच्या त्रासात ते क्वचितच त्याच आठवड्याचं असतं, तर दुसरं मत घ्याच. ‘उद्याच ॲडमिट व्हा’ म्हटलं तर विचारा, “पंधरा दिवस थांबलं तर नेमकं काय होईल?”

मुंबईत आपण नशीबवान आहोत. परळला केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह, सायनला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर, पार्ल्याला कूपर, आणि सीएसएमटीजवळ १८८६ पासून बायकांसाठीच चालणारं कामा. रांग लांब असते, सकाळी लवकर जा, डबा-पाणी घेऊन जा. पण तिथल्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन करून पैसे मिळणार नसतात, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांचं मत आधी सांगू नका. रिपोर्ट दाखवा आणि त्यांना काय वाटतं ते ऐका.

कॅन्सरचा संशय असेल तर टाटा कॅन्सर रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पिशवी काढलेल्या बायकांचं ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय (निम्म्या जणी त्याहून लहान, निम्म्या मोठ्या) ३४ च्या आसपास निघालं, आणि सुमारे दोन तृतीयांश ऑपरेशनं खासगी रुग्णालयांत झालेली होती. बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

८. संमतीपत्रक

ॲडमिट होण्याच्या दोन-तीन दिवस आधी रिसेप्शनवर जाऊन कोरा नमुना मागा. “घरी वाचायचाय” म्हणा. मराठीत आहे का विचारा. नसेल तर कुणी समजावलं त्याचं नाव फॉर्मवर लिहायला सांगा. आदल्या रात्री सलाइनची सुई हातात असताना वाचून होत नाही.

फॉर्मवर आधी ऑपरेशनच्या नावाची ओळ बघा. ती कोरी असेल तर सही करू नका. तिथे लघुरूपं असतील तर बाजूला पूर्ण शब्द लिहून मागा. नको असलेला भाग खोडून तिथे सही करता येते; बहिणीच्या फॉर्मवर तसं करायची आम्ही तयारी ठेवली होती. ‘आवश्यक वाटल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया’ असं छापलेलं वाक्य जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असतं. त्याच्यापुढे हाताने लिहा: ‘जिवाला धोका असल्यासच’. भुलीची आणि रक्त चढवण्याची संमती वेगळी असते. भूलतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटूनच तिच्यावर सही करा.

मेडिक्लेम असेल तर आणखी एक कागद बघा, जो कुणी बघत नाही: कॅशलेससाठी विमा कंपनीला पाठवतात तो फॉर्म. त्यात ऑपरेशनचं नाव डॉक्टर तुमच्या आधी लिहितात. माझ्या फॉर्मवर बीएसओ ऑपरेशनच्या पाच दिवस आधीच लिहिलेलं होतं. म्हणजे ठरलं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

नवऱ्याच्या सहीचं काय? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत मूल होण्याची शक्यता संपवणाऱ्या ऑपरेशनला नवरा-बायको दोघांची संमती लागते असं म्हटलंय, म्हणून रुग्णालयं ती मागतात. ती तुमच्या सहीच्या जोडीला असते. तुमच्या जागी ती चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल प्रत्येक बाईने ऐकलेला असावा. त्यातली बाईही ४४ वर्षांचीच. तपासणीपुरती दुर्बीण घालायला तिने संमती दिली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन पिशवी, अंडाशयं, नळ्या सगळं काढलं गेलं. न्यायालयाने म्हटलं की शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने दुसरं कुणी संमती देऊ शकत नाही. तपासणीची संमती इलाजाला चालत नाही. जिवावर बेतलेलं नसेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. इलाज कसला, कशासाठी, फायदा काय, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते आणि नाही केलं तर काय, एवढं सांगितल्यावर घेतलेली संमती ती खरी संमती, असंही त्यात आहे. मी तेव्हा हा निकाल ऐकला असता तर निदान प्रश्न तरी विचारला असता.

९. ऑपरेशनच्या दिवशी

बाहेर थांबणाऱ्या माणसाला सांगून ठेवा: आतून कुणी नवा कागद घेऊन आलं तर आधी विचारायचं, “जिवाला धोका आहे का?” नसेल तर थांबायला सांगायचं. ठरलेल्या गोष्टींचा कागद त्याच्या खिशात द्या.

१०. घरी जाताना आणि त्यानंतर

डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन विचारा: “काय काय काढलं? काय ठेवलं?” उत्तर मराठीत मागे लिहून घ्या. काढलेला प्रत्येक भाग तपासायला गेला का, आणि रिपोर्ट कधी मिळेल हे विचारा. तो रिपोर्ट स्वतः जाऊन आणा, कुणी फोन करेल म्हणून थांबू नका.

अंडाशयं काढली असतील आणि वय कमी असेल, तर हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल याबद्दल त्याच दिवशी बोला. ४५ च्या आत अंडाशयं गेली आणि काही अडचण नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याची साधारण पद्धत आहे. मला हे आठ महिन्यांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर हार्मोनचं नाव फार वाईट झालं आणि अजून पुष्कळ जणी त्या नावाने दचकतात. आता असं समजतं की वय ६० च्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील, तर बहुतेकींना त्रासासाठी घेतलेल्या हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. पिशवी असेल तर इस्ट्रोजेन या हार्मोनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतं, नसेल तर बहुधा लागत नाही. म्हणून मैत्रिणीची गोळी घेऊ नका. नुसता कोरडेपणा आणि लघवीची जळजळ असेल तर योनीत लावायचं क्रीम मिळतं. “या वयात होतंच” हे उत्तर मिळालं तर म्हणा, “होतं हे मला माहितीय, इलाज विचारतेय.”

११. कागद मागा, आणि वेळेत मागा

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या त्याच नियमांप्रमाणे ॲडमिट रुग्णाचे कागद रुग्णालयाने तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात. अर्ज एवढाच पुरतो:

‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे दाखल होते. नोंदणी क्रमांक अमुक. माझ्या संपूर्ण केसपेपरच्या, सर्व संमतीपत्रकांच्या, ऑपरेशन नोटच्या, भुलीच्या नोंदींच्या आणि पॅथॉलॉजी रिपोर्टच्या प्रती मला द्याव्यात. प्रतींचा खर्च मी देईन.’

दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का घ्या.

तक्रारीच्या जागा वेगवेगळ्या आहेत. नर्सिंग होमवर देखरेख महापालिकेची. दर्शनी भागात रुग्णहक्कांची सनद लावणं राज्याच्या २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि तक्रार वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे देता येते. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, चिंचपोकळीला. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार होतात तिथल्या उपचारांना ग्राहक कायदा लागत नाही. ग्राहक आयोगाला मुदत दोन वर्षांची.

ही मुदत मला माहीत नव्हती. सही मीच केली, आता कुठल्या तोंडाने बोलायचं, असं म्हणून मी गप्प बसले होते. बहिणीच्या वेळी हे सगळं वाचलं, तेव्हा अर्ज केला. कागद तिसऱ्या दिवशी मिळाले. संमतीपत्रकावर ऑपरेशनच्या नावाच्या ओळीतली शेवटची तीन अक्षरं वेगळ्या पेनाने लिहिलेली होती आणि खाली माझी सही. दोन वर्षं होऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

तुमच्या डिस्चार्जची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि अर्ज पहिल्या महिन्यातच द्या.